आमची वाटचाल: मोइनापासून आर्टेमियापर्यंत

शोभिवंत माशांच्या हॅचरींना आम्ही सुरुवातीला फक्त मोइना, म्हणजे पिल्लांना जिवंत खाद्य म्हणून लागणारा गोड्या पाण्यातला बारीक जीव, पुरवायचो. हजार लिटर क्लोरीनमुक्त पाण्याला साधारण ३० ग्रॅम बेकरी यीस्ट कालवून घालायचं, तापमान २४ ते ३१ अंशांत ठेवायचं आणि टाकी मोइनाने भरली की रोज पाव हिस्साच माल काढायचा. यीस्ट जास्त झालं की तळाशी कुजतं, रात्रीत ऑक्सिजन उतरतो आणि सकाळी सगळा मोइना मेलेला. लालसर मोइना गिऱ्हाइकाला आवडतो, पण तो लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे टाकीत ऑक्सिजन कमी पडल्याची खूण! हिरव्या, म्हणजे सूक्ष्म शेवाळाच्या, पाण्यावरचा फिकट मोइना आम्हाला जास्त पसंत.

धंदा वाढला तो पिल्लांच्या तोंडाच्या मापाने. गुरामी आणि फायटर माशांच्या पिल्लांना मोइनाचं नवं पिल्लूही गिळता येत नाही. अंगातला बलक संपताच त्यांना इन्फ्युझोरिया (पाण्यातले अतिसूक्ष्म जीव) लागतो. ५० लिटर पाण्यात केळ्याच्या दोन-तीन साली टाकून वर कापड बांधायचं. एक-दोन दिवसांत पाणी दुधाळ होऊन घाण वास मारतं. हे बॅक्टेरियांचं काम, त्याला घाबरून पाणी ओतून देऊ नये. चौथ्या-पाचव्या दिवशी ते निवळून फिकट पिवळं झालं की माल तयार. म्हणून ऑर्डर घेताना आमचा पहिला प्रश्न असतो, अंडी कधी पडली?

एंजल माशांची पिल्लं पोहू लागली की थेट आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, खातात. शंकूच्या आकाराच्या भांड्यात लिटरला २५ ते ३० ग्रॅम मीठ, १ ते २ ग्रॅम सिस्ट (आर्टेमियाची सुकी, सुप्त अंडी), २८ अंश तापमान, सामू ८ च्या वर, तळातून जोरदार हवा आणि वर दिवा. २४ तासांनी हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं. टरफलं वर तरंगतात, न फुटलेले सिस्ट तळाला बसतात. आधी ते काढून टाकायचे, मग नॉप्ली (आर्टेमियाची नुकती उबलेली पिल्लं) गाळून गोड्या पाण्याने धुवायच्या. टरफलं पोटात गेली तर माशांच्या पिल्लांचं आतडं तुंबतं. नॉप्लीतला बलक झपाट्याने संपतो, त्यामुळे उबल्यावर लगेच खाऊ घालाव्यात. गोड्या पाण्यात त्या काही तासांतच मरतात. म्हणून थोड्याथोड्या, दिवसातून तीन-चार वेळा.

विहिरीचं पाणी बारीक बोल्टिंग कापडातून गाळल्याशिवाय आमच्या कुठल्याच टाकीत जात नाही. सायक्लॉप्स हा पाण्यातला बारीक शिकारी जीव शिरला तर तो मोइनाचं खाद्य खातोच, शिवाय मालाबरोबर हॅचरीत पोहोचून नाजूक पिल्लांवर तुटून पडतो. अशी टाकी आम्ही पूर्ण रिकामी करून, ब्लीचिंग पावडरने धुऊन आणि उन्हात वाळवूनच पुन्हा भरतो.