कॅपिटल अक्षरांतली चिठ्ठी

मुंबईच्या उपनगरातील एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मी रात्रपाळीची वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्या रात्रीचा मोठा भाग नातेवाइकाच्या हाती चिठ्ठी देण्यात आणि तो फार्मसीतून परत येण्याची वाट पाहण्यात जातो, याची बाहेरच्यांना कल्पना नसते. ताप असो वा पाठदुखी, येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ‘पॅन-एमसेट’, म्हणजे आम्लपित्ताचे आणि उलटीचे इंजेक्शन, लिहिले जाते. कित्येकांना त्यातले एकही लागत नाही, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते.

मी औषधे कंपनीच्या ब्रँडऐवजी मूळ (जेनेरिक) नावाने, कॅपिटल अक्षरांत लिहिते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत २०१६ साली तशी दुरुस्ती झाली. ऑगस्ट २०२३ मधला अधिक कडक नियम त्याच महिन्यात स्थगित झाला, तरी माझी सवय टिकली. तिचा मला थोडा अभिमानही होता.

जुलैतल्या त्या रात्री साठीचे एक गृहस्थ न्यूमोनियाने धापा टाकत आले, रक्तदाब ८०/५०. महिन्यापूर्वीच ते दुसऱ्या रुग्णालयात दाखल होते, म्हणून साध्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनवर न थांबता जंतू ओळखण्यासाठी रक्ताचे कल्चर घेऊन मी मेरोपेनेम हे अधिक प्रबळ प्रतिजैविक सुरू केले. पहिली कुपी विभागातल्या राखीव साठ्यातून दिली आणि पुढच्यांसाठी चिठ्ठी लिहिली: एक ग्रॅम, दर आठ तासांनी. दिवसाला तीन, आठवड्याला एकवीस कुप्या.

त्यांचा मुलगा बिल आणि एक कुपी घेऊन परत आला. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक औषधविक्रेत्याकडे, तो माल पोहोचवण्याचे काम करतो. आवाज न चढवता तो म्हणाला, “मॅडम, हा माल मी स्वतः हॉस्पिटलांत टाकतो. ज्या भावात जातो त्याच्या आठपट यावर छापलंय. तुम्ही तर जेनेरिक लिहिलंत ना?”

मी कुपी घेऊन फार्मसीत गेले. तिथल्या ज्येष्ठ फार्मासिस्टना आम्ही काका म्हणतो. त्यांनी नामांकित कंपनीची कुपी शेजारी ठेवली. तिची छापील किंमत चक्क कमी होती. उत्पादनस्थळ दोन्हींवर हिमाचलमधले बद्दीच. “डॉक्टर, तुम्ही ब्रँड लिहिला तर मला तो बदलता येत नाही,” ते म्हणाले. आणि ते खरेच होते, कारण औषध नियमावलीतील नियम ६५(११अ) डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांत अदलाबदलीला मनाई करतो. “नुसतं नाव लिहिलं की काय द्यायचं ते खरेदी विभाग ठरवतो. संगणकात हीच पहिली येते.”

म्हणजे मी ब्रँडचे नाव गाळून निवड रुग्णाकडे नव्हे, तर खरेदी विभागाकडे सोपवत होते, आणि खरेदी विभाग भाव पाहतो तो स्वतःच्या नफ्यासाठी. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक औषधाची कमाल किंमत काढताना बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या ब्रँडांच्या भावांची सरासरी घेतात आणि त्यावर किरकोळ विक्रेत्याचे सोळा टक्के चढवतात. उत्पादनाचा खर्च त्या हिशेबात येतच नाही. त्यामुळे स्वस्तात विकणाऱ्या कंपनीलाही छापील किंमत वर ठेवून मधला फरक नफा म्हणून रुग्णालयापुढे धरता येतो. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला होता. ती बातमी वाचून मी हळहळले होते. आपली चिठ्ठीही त्याच साखळीत बसते, हे मात्र तेव्हा ध्यानात आले नाही.

सकाळी मुलाने मालकाकडून रीतसर बिल करून वीस कुप्या आणल्या. प्रशासनाने बाहेरच्या इंजेक्शनच्या गुणवत्तेची शंका काढली. तीच कंपनी, तेच औषध. एका कुपीचा तर बॅच क्रमांकही आमच्या कपाटातल्या मालाशी जुळत होता. मी बॅच आणि मुदत तपासल्याची नोंद केस पेपरवर केली, सही केली, आणि दुपारी वैद्यकीय अधीक्षकांनी मला बोलावून ‘भावनेच्या भरात’ न वागण्याचा सल्ला दिला. फार्मसीच्या दाराशी ‘येथूनच औषधे घेण्याची सक्ती नाही’ असा फलक आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. सांगायला हवे होते.

काकांवर माझा राग नाही. माझ्या चिठ्ठीवर मात्र आता मूळ नावापुढे ‘सर्वांत कमी छापील किमतीचे’ असे शब्द असतात, आणि काका ते पाळतात, निदान त्यांची पाळी असते तेव्हा.

गृहस्थ अकराव्या दिवशी घरी गेले. राखीव साठ्यातली पहिली कुपी बिलात छापील दरानेच राहिली. मी लेखा विभागात जाऊन विचारले, तर तो दर बदलण्याचा रकानाच संगणकात नव्हता.