बारावीचा जिल्हा, पर्यायांचा क्रम आणि कॉलेजची एक फेरी

निकाल लागला की सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत कॉलेजांचे फलक झळकतात आणि घरोघरी एकच चर्चा सुरू होते, "कुठलं कॉलेज चांगलं?" प्रश्न बरोबर आहे, पण उशिरा विचारलेला. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर निम्मा निर्णय दोन वर्षं आधीच होऊन गेलेला असतो. मुलाचं नाव अकरावीला कुठल्या जिल्ह्यात घातलं, तेव्हाच.

इंजिनिअरिंगच्या कॅप प्रवेशात, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, बहुतेक खासगी कॉलेजांच्या जागा ७०:३० अशा वाटलेल्या असतात. ७० टक्के 'होम युनिव्हर्सिटी'च्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. आणि होम युनिव्हर्सिटी कशावरून ठरते? घराच्या पत्त्यावरून नाही. दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेल्या मुलाची होम युनिव्हर्सिटी तो बारावी ज्या जिल्ह्यातून पास झाला त्यावरून ठरते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये सुरू झालं ते एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी. म्हणजे आपल्या ७० टक्क्यांत फक्त या एका जिल्ह्याची मुलं.

आता आपल्याकडे काय होतं ते बघा. मुलगा लातूरला दोन वर्षं राहून बारावी करतो, तर त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. शहरात क्लास लावायचा आणि हजेरीची कटकट नको म्हणून कागदावर तुळजापूर-नळदुर्गकडच्या एखाद्या ज्युनिअर कॉलेजात नाव घालायचं, हाही प्रकार चालतो. तुळजापूर सोलापूरपासून ४५ किलोमीटरवर असलं तरी जिल्हा धाराशिव, त्यामुळे होम युनिव्हर्सिटी छत्रपती संभाजीनगरची. मुलगा झोपतो आपल्या घरी, पण सोलापूरच्या कॉलेजसाठी तो बाहेरचा. हे जुलैमध्ये कटऑफ बघताना कळतं आणि तेव्हा काहीही बदलता येत नाही.

लातूरला जाऊच नका असं नाही. फक्त मेडिकलची 'नीट' परीक्षा डोळ्यांसमोर असेल तर हा मुद्दा आड येत नाही, कारण मेडिकलचा प्रादेशिक ७०:३० कोटा २०२० मध्येच रद्द झाला. पण नीट आणि सीईटी (इंजिनिअरिंगची राज्याची प्रवेश परीक्षा) दोन्ही देणाऱ्या मुलाच्या पालकांनी अकरावीचा अर्ज भरण्याआधी हा हिशेब मांडायला हवा. विजयपूर किंवा कलबुर्गीला बारावी करणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्यांना प्रवेशासाठी महाराष्ट्राच्या अधिवास दाखल्याचा आधार लागतो, तो आधीच काढून ठेवा.

कटऑफची यादी वाचायला शिका, फार अवघड नाही. प्रत्येक ब्रँचखाली इंग्रजी अक्षरांचे गट दिसतात. जीओपीईएनएच (GOPENH) म्हणजे सर्वसाधारण, खुला, होम. शेवटी ओ असेल तर होमबाहेरच्यांची जागा, एस असेल तर राज्यपातळीवरची. सुरुवातीला जी ऐवजी एल असेल तर ती मुलींसाठी राखीव जागा. सोलापूरच्या मुलाने पुण्यातल्या खासगी कॉलेजचा एच चा आकडा बघून हुरळून जाऊ नये, तो पुणे, अहिल्यानगर, नाशिकच्या मुलांचा आकडा आहे. आपण ओ बघायचा. पुण्याच्या सीओईपीसारख्या सरकारी ठिकाणी एस बघायचा.

आणि पर्सेंटाइलपेक्षा मेरिट नंबर, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक, बघा. यादीत दोन्ही छापलेले असतात. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीचे ९२ आणि या वर्षीचे ९२ एकाच जागी येत नाहीत. जागा मात्र मेरिट नंबरच्या क्रमाने वाटल्या जातात. आपला नंबर आला की मागच्या दोन वर्षांच्या याद्या काढून त्याच कॉलेज-ब्रँचचा शेवटचा नंबर शेजारी लिहा. एका वहीत चार रकाने पुरतात: कॉलेज, ब्रँच, पहिल्या फेरीचा नंबर, शेवटच्या फेरीचा नंबर.

सगळ्यात जास्त नुकसान ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज-ब्रँचचा पसंतीक्रम भरताना होतं, म्हणून इथे जरा थांबू. पालक म्हणतात, "मिळेल ते वर टाका, मोठी नावं खाली टाका, नाहीतर काहीच मिळायचं नाही." हे उलटं आहे. संगणक मेरिट नंबरप्रमाणे एकेका मुलाचा फॉर्म घेतो, वरून खाली वाचत जातो आणि जिथे जागा शिल्लक दिसेल तिथे थांबतो. वरचे दहा पर्याय हाताबाहेरचे असले तरी अकराव्याची संधी त्यामुळे कणभरही कमी होत नाही. पण हमखास मिळणारं कॉलेज पहिलं टाकलं, तर संगणक तिथेच थांबणार. २०२५-२६ पासून चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला तर तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेरीची वाट बघता येत नाही. म्हणून पहिल्या सहा ओळी लिहिताना प्रत्येक ओळीला मुलालाच विचारा, "हेच मिळालं तर चार वर्षं जाशील का?" उत्तर अडखळत आलं तर ती ओळ खाली न्या. नियम वर्षागणिक बदलतात, त्यामुळे सीईटी सेलची माहितीपुस्तिका त्या वर्षीचीच वाचा.

ट्यूशन फी माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएस जागांचा कोड वेगळा असतो. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर एकाच ब्रँचचे दोन्ही कोड भरायचे, माफीचा आधी, साधा त्याच्या लगेच खाली. बरेच जण एकच भरतात.

फॉर्मचा पासवर्ड नेट कॅफेवाल्याकडे ठेवू नका. फॉर्म कन्फर्म झाल्यावर प्रिंट काढा आणि वहीशी एकेक ओळ ताडून बघा. एकाच कॉलेजच्या दोन पाळ्या किंवा जवळजवळ सारख्या नावाच्या दोन ब्रँच असल्या की हमखास गफलत होते.

दाखल्यांचं काम मात्र बारावीच्या दिवाळीआधी उरकायला हवं. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अर्ज अकरावीतच करा, कारण समितीने त्रुटी काढली तर आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत मागे जावं लागतं. नॉन-क्रीमीलेअरची मुदत प्रवेशाच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत आहे का ते बघा. हे दोन्ही वेळेत नसतील तर राखीव जागा हातची जाते. आपल्या शहरात आणखी एक अडचण नेहमीची आहे. तेलुगू आणि कन्नड आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं, वडिलांच्या बँक पासबुकात तिसरं. मार्कशीट प्रमाण मानून आधार दुरुस्त करून घ्या, आणि मुलाचं बँक खातं आधारला जोडलं गेलंय याची बँकेत खात्री करा. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचे पैसे अडकतात ते बहुतेक वेळा इथेच.

फीबद्दल. कॉलेजच्या काउंटरवर सांगितलेला आकडा हा शेवटचा शब्द नव्हे. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिसते. पावतीवर ट्यूशन फी आणि डेव्हलपमेंट फी वेगळी लिहून मागा. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ट्यूशन आणि परीक्षा फीची शंभर टक्के प्रतिपूर्ती आहे. पण हा लाभ कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की तो गेला. ज्या मुलीला कॅपमधून दुसऱ्या पसंतीची ब्रँच मिळत होती, तिच्यासाठी कोट्यातली "चांगली" ब्रँच विकत घेण्याआधी चार वर्षांची बेरीज कागदावर करा.

पुणे की सोलापूर, हाही शेवटी बेरजेचाच प्रश्न आहे. समजा खोली आणि मेस मिळून महिन्याला ९ हजार, वर्षाचे दहा महिने, तर चार वर्षांत ३ लाख ६० हजार होतात, फी वेगळी. पुण्याचं कॉलेज आपल्या कॉलेजपेक्षा खरोखर वरचं असेल तर हा खर्च जरूर करावा, मागेपुढे बघू नये. पण अशोक चौकातल्या वालचंदला किंवा पंढरपूरच्या स्वेरीला हवी ती ब्रँच मिळत असताना केवळ "पुण्यात आहे" म्हणून नाव न ऐकलेलं कॉलेज घेण्यात आम्हाला काहीच हशील दिसत नाही.

कॉलेज बघायला जा, पण ओपन डेला नको. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास जा, प्रॅक्टिकल चालू असतात तेव्हा. लॅबमध्ये शिरल्यावर एका मशीनपाशी किती मुलं उभी आहेत ते मोजा. तीन-चार असतील तर ठीक, बारा असतील तर त्यातली आठ नुसती बघतायत. ऑसिलोस्कोपवर किंवा लेथवर प्लास्टिकचं कव्हर आहे का? त्यावर धूळ किती? लॅबमधल्या वापराच्या रजिस्टरची शेवटची नोंद कुठल्या तारखेची? विभागाबाहेर एनबीएचं (अभ्यासक्रमाच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या मंडळाचं) प्रमाणपत्र लावलं असेल तर त्यावरची ब्रँच आणि मुदत वाचा, कारण ते पूर्ण कॉलेजला नसतं, ब्रँचपुरतं असतं. वेबसाइटवरच्या मँडेटरी डिस्क्लोजरमध्ये, म्हणजे कॉलेजने जाहीर करायलाच हव्या अशा माहितीत, प्राध्यापकांची नावं असतात, त्या यादीची प्रिंट सोबत न्या आणि स्टाफरूमच्या दारावरच्या पाट्यांशी ताडून बघा.

प्लेसमेंटच्या फलकावर सर्वात मोठं पॅकेज लिहिलेलं असतं, एका मुलाचं. ते सोडा. कँटीनमध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशेजारी चहा घेऊन बसा आणि विचारा: तुमच्या वर्गात किती जण, त्यातले ऑफर लेटर हातात असलेले किती, आणि मधलं पॅकेज किती? पहिल्या वर्षात सगळे विषय सुटलेले किती? मुलं खरं सांगतात. आईवडिलांनी त्या वेळी जरा दूरच्या टेबलावर बसावं.