आंबोली ते काणकोण: गोव्यात कॅरव्हॅन कुठे आणि कशी लावायची

कॅरव्हॅनने गोव्याला जायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. वाळूत गाडी उभी, दार उघडलं की समोर समुद्र आणि बाहेर खुर्च्या टाकून चहा. हे चित्र आधी डोक्यातून काढून टाका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घातली तर पोलीस गुन्हा नोंदवतात. शिवाय 2019 च्या कायदा-दुरुस्तीपासून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला आणि दारू प्यायला बंदी आहे. तेव्हा माणशी 2,000 आणि घोळक्याला 10,000 रुपये दंड ठेवला होता. आता त्याहून कमी बसेल अशी आशा ठेवू नका.

तरीही आम्ही गेलो आणि पुन्हा जाऊ. सासूबाईंचे गुडघे दुखतात, दर तासाला स्वच्छतागृह लागतं, आणि हॉटेलचा जिना म्हणजे त्यांना शिक्षाच. गाडीतच कमोड आणि पलंग असला की त्या खूश. कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे आंबोली, तिथून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, मग पेडण्यातलं केरी, पुढे फोंडा आणि शेवटी काणकोण असा बेत होता. नाताळ-नववर्षाची गर्दी ओसरल्यावर, जानेवारीच्या उत्तरार्धात निघालो. त्या गर्दीच्या दिवसांत कळंगुट-बागाकडे एवढी मोठी गाडी नेण्याचा विचारही करू नका.

गाडी भाड्याने घेताना सगळे आधी आतला टीव्ही आणि पलंग बघतात. मी म्हणेन, आधी नंबरप्लेट बघा. ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी असेल तर पिवळी पाटी काळी अक्षरं, स्वतः चालवायला घेतलेली असेल तर काळी पाटी पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी स्वस्तात देणारे भेटतात. पण अशी गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. नंतर टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कॅरव्हॅन बरेच दिवस नुसत्या उभ्या असतात, त्यामुळे नक्षी कोरी दिसते पण रबराला चिरा गेलेल्या असतात. आम्हाला दाखवलेल्या पहिल्या गाडीचे मागचे दोन टायर असेच जुने निघाले. मालक म्हणाला, "ताई, नक्षी बघा की, किती खोल आहे!" आम्ही टायर बदलून दिल्यावरच पैसे भरले.

गॅसची तपासणी दहा मिनिटांची आहे, ती टाळू नका. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि साल रंगवलेलं असतं. डी-27 म्हणजे पुढची चाचणी ऑक्टोबर ते डिसेंबर 2027 मध्ये. ती तारीख उलटून गेलेला सिलिंडर परत करा. नारिंगी सुरक्षा नळीवरही मुदत छापलेली असते, पाच वर्षांनी ती बदलायचीच. मग साबणाचं पाणी ब्रशने जोडांवर लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. आमच्या रेग्युलेटरपाशी एकच बारीक बुडबुडा सावकाश फुगत होता, वॉशर बदलल्यावर थांबला. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं ठेवलेली असतात. मुंग्या येतात म्हणून त्यात चिंध्या कोंबणारे महाभाग असतात. भोकं मोकळी आहेत ना, ते वाकून बघा. गाडी चालताना सिलिंडरची चावी बंद म्हणजे बंद.

आंबोलीच्या उतारासाठी एकच गोष्ट सांगते. पाण्याची टाकी घाटमाथ्यावर अर्ध्याहून कमी ठेवा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ते वळणावर हेलकावतं. आमचे ड्रायव्हरमामा घाटात ब्रेकवर पाय ठेवून बसणारे नव्हते. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा त्यांचा नियम. ब्रेकचा करपट वास आला तर बाजूला घेऊन गाडी थंड होऊ द्यायची, चाकांवर पाणी ओतायचं नाही. धावत्या गाडीत पलंगावर कोणी झोपायचं नाही, हेही त्यांनी आधीच बजावलं. लेकीने तोंड फुगवलं, पण बेल्ट लावून सीटवरच बसली. कपाटांच्या कड्या लावा. आमच्या कुकरने दुसऱ्याच वळणावर ओट्यावरून उडी मारली.

आता केरी. गोव्यात या नावाची गावं एकाहून जास्त आहेत. सत्तरीत अंजुणे धरणाजवळ एक, फोंडा तालुक्यात एक, आणि समुद्राकाठचं पेडण्यात, तेरेखोलच्या अलीकडे. नकाशात नुसतं केरी टाकलंत तर चोर्ल्याच्या पायथ्याशी पोचाल. हरमलच्या पुढे रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे (कुंपणाच्या भिंती), वर फणसाच्या फांद्या आणि खाली लोंबणाऱ्या तारा. गाडीची उंची, एसीचा डबा धरून, कागदावर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवून ठेवा. अशा रस्त्यावर एकाने खाली उतरून पुढे चालायचं. तेरेखोलच्या फेरीबोटीवर एवढी गाडी चढवायचा हट्ट करू नका. गाडी अलीकडेच ठेवून माणसांनी पलीकडे जावं.

मुक्काम आम्ही एका गेस्टहाउसच्या अंगणात केला. खोली एकच घेतली, ती मामांसाठी. दिवसभर गाडी हाकणाऱ्या माणसाला रात्री सीटवर मान वाकडी करून झोपायला लावायचं आणि सकाळी त्याच्याच हाती कुटुंब द्यायचं, हे मला पटत नाही. खोलीबरोबर अंगण, पाणी आणि विजेचं कनेक्शनही मिळालं. मामा गाडी छान सावलीत घेत होते, तेवढ्यात मालकीणबाई ओरडत बाहेर आल्या: "माडापोंदा नाका! नाल्ल पडटलो!" वर बघितलं तर नारळाचे घड लटकलेले. गोव्यात सावली हवी तर आंब्याची घ्या. माडाखाली गाडी नको, खुर्चीही नको आणि मूल तर नकोच.

गाडी लावली की हँडब्रेक, गिअर आणि चाकांना लाकडी ठोकळे, तिन्ही हवेत. सपाटी बघायला ओट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा. पाणी ज्या बाजूला पेल्याच्या काठाकडे चढलेलं दिसेल त्या बाजूच्या चाकाखाली फळी सरकवायची. मऊ मातीत जॅकच्या पायांखालीही फळ्या घाला, नाहीतर पहाटेपर्यंत एक कोपरा खचलेला असतो.

विजेच्या बाबतीत मी जरा भित्री आहे आणि त्याची लाज वाटत नाही. जुन्या घरांमध्ये अर्थिंग असेलच असं नाही. दीडदोनशे रुपयांचा सॉकेट टेस्टर बरोबर ठेवा. अर्थिंग नाही असं दिसलं तर तिथे वायर जोडू नका, बॅटरीवर रात्र काढा. गाडीत 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की प्रवाह तोडणारी कळ, असायला हवी, तिचं टेस्ट बटण दाबून बघा. एक्स्टेंशनची वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळी तशीच ठेवून एसी लावला की ती तापते आणि वितळतेही. बॅटरीवर रात्रभर एसी चालेल असं एजन्सीवाले छातीठोकपणे सांगतात. त्यांना हिशेब विचारा. 12 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरच्या बॅटरीत फार तर 2.4 युनिट असतात, आणि एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. दोन तासांत खेळ खलास. पंखा, जाळी आणि उघडी खिडकी, जानेवारीत एवढं पुरतं.

उघडी खिडकी आणखी एका कारणासाठी हवी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मासे भाजलेली कोळशाची शेगडी 'विझली' म्हणून आत आणून ठेवणं म्हणजे मृत्यूला आमंत्रण. जनरेटरही खिडकीजवळ नको. अलार्म लावलेला असावा, आणि मागची आपत्कालीन खिडकी घरातल्या प्रत्येकाने एकदा उघडून बघावी. आमच्या सासूबाईंनीसुद्धा उघडली.

केरीत तेरेखोल नदी समुद्राला मिळते. अशा मुखापाशी ओहोटीचं पाणी माणसाला बाहेर खेचतं. मालकीणबाईंनी कोकणातला जुना हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमी असेल तर सहा. ढोबळ आहे, पण किती वाजता पाणी उतरू लागेल ते कळतं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहायचं, लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊलही टाकायचं नाही. अंधार पडल्यावर जीवरक्षक नसतात.

फोंड्याकडचा मुक्काम सगळ्यांत सोपा. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी ही देवस्थानं जवळजवळ आहेत, आवारं मोठी आणि रात्री राखण असते. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, खोली घ्या आणि गाडी आवारात लावायला कार्यालयात रीतसर विचारा. मात्र तिथे गाडीतसुद्धा मासळी आणि बाटली उघडू नका. पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की पाव घ्यायला धावा, गॅस पेटवायची गरजच नाही.

काणकोणला जाताना करमलचा घाट लागतो. उंची फार नाही, पण वळणं फसवी आणि मागून बसवाले घाई करतात. त्यांना पुढे जाऊ द्या. आगोंद आणि गालजीबाग इथे या दिवसांत समुद्री कासवं अंडी घालायला येतात. गाडीच्या बाहेरच्या दिव्यांच्या माळा तिथे लावू नका, उजेडाने पिल्लं भरकटतात. सत्तरीच्या किंवा मोलेच्या बाजूला जंगलाकडेला राहणार असाल तर पाचोळ्यावर चटई टाकून बसू नका. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. हा ताप गोचिडीमुळे होतो आणि जानेवारी ते मे हेच त्याचे दिवस. बाहेरून आल्यावर कपडे बदला, मुलांचे पाय आणि मान तपासा.

राहिली शौचाची टाकी. नदीत, शेतात, रस्त्याकडेला कुठेही ओतायची नाही. यजमानाला विचारून त्याच्या संडासात रिकामी करायची. गोव्यात बहुतेक घरांना सेप्टिक टँक असतो आणि फॉर्मल्डिहाइडचं निळं औषध त्यातले जंतू मारतं. म्हणून जैविक औषधच वापरा आणि तसं यजमानाला आधी सांगा, नाहीतर तो साफ नाही म्हणेल. गाडी परत करताना टाकी कोणी धुवायची आणि त्याचे पैसे किती, हे गाडी ताब्यात घेतानाच लिहून घ्या. त्याच वेळी आतून-बाहेरून व्हिडिओही काढून ठेवा. डिपॉझिटवरून होणारे निम्मे वाद तिथेच मिटतात.