मुरमाड माळ गवतासाठी सारखा करताना

माण तालुक्यातील आमच्या तीन एकर माळावर कुसळी गवत आणि अर्धेअधिक जमिनीत रुतलेले काळे धोंडे होते. तेथे मारवेल हे चाऱ्याचे गवत लावून यंत्राने कापावे अशी माझी इच्छा होती, पण पात्याला दगड लागू नये एवढी जमीन तरी सारखी करणे भाग होते. त्यासाठी मी 24 अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घेतला.

पहिल्या उन्हाळ्यात मी घाई केली. कोरड्या, टणक जमिनीत रोटाव्हेटर घातला आणि त्याची पाती तुटली. त्याहून मोठी चूक म्हणजे, मागच्या ब्लेडने उंचवटे खरवडून खळग्यांत लोटले. आमच्याकडे मुरमावर माती जेमतेम वीतभर असते; ती निघताच पांढरट मुरूम उघडा पडला आणि त्या तुकड्यावर पुढच्या पावसाळ्यात गवताची काडीही उगवली नाही. तेव्हा मला कळले की माळ सपाट करायचा नसून, त्याचा उतार तसाच ठेवून केवळ अडथळे काढायचे आहेत.

दुसऱ्या वर्षी पहिल्या पावसानंतर वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येईपर्यंत थांबलो. आधी पायी फिरून प्रत्येक धोंड्यावर चुन्याची खूण केली, मग स्प्रिंगच्या पाच फणांचा कल्टिव्हेटर चार बोटे खोल चालवला. फण दगडावर आपटला की मागे सरतो, मोडत नाही. मोठे धोंडे कडेने खोदून, पहारीने सैल करून साखळीने ओढले. साखळी नेहमी ट्रॅक्टरमागच्या खालच्या ड्रॉबारलाच (ओढण्याच्या दांड्याला) बांधावी, कारण ती चाकांच्या आसापेक्षा उंच बांधल्यास धोंडा अडताच ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते आणि तो चालकावर उलटू शकतो. तीव्र उताराच्या पट्ट्यात मी आडवे तास घेतलेच नाहीत. तेथे सगळे काम हातानेच केले.

निघालेले दगड उताराला आडवे, समपातळीत रचून दीड फूट उंचीचे बांध घातले. शेवटी रुळाच्या तुकड्याचे मैंद (जमीन दाबून सारखी करणारे अवजार) फिरवून ढेकळे बसवली, मारवेलचे ठोंब लावले आणि स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचे बी फोकले. आता बांधांच्या वरच्या अंगाला वाहून आलेली माती साचू लागली आहे.

खरवडलेल्या तुकड्यावर यंदा खतासाठी मेंढ्या बसवल्या. त्याच्या कडेने स्टायलोची काही रोपे आली आहेत. मधला मुरूम मात्र अजून उघडाच आहे.