दांडिया बाजारच्या गच्चीवरील लोरावान गेटवे : पाचवी नोंद

लोरावान म्हणजे कमी विजेवर छोटे संदेश दूरवर पाठवण्याची रेडिओ पद्धत, आणि गेटवे म्हणजे सेन्सरांचे ते संदेश पकडून इंटरनेटवरून सर्व्हरकडे पोहोचवणारी यंत्रणा. मागची नोंद संपली तेव्हा गेटवे सुरू झालेला होता आणि तिन्ही सेन्सरचे आकडे सर्व्हरवर दिसू लागले होते, त्यामुळे मुख्य काम संपले असे मी मानले होते. गेल्या दोन महिन्यांत कळले ते असे की गेटवेकडून सर्व्हरकडे जाणारी वाट मोबाइल नेटवर्कवर सहज मिळते, पण सर्व्हरकडून गेटवेकडे परत येण्याच्या वाटेवर पावलोपावली अडथळे असतात. ही नोंद बहुतांशी त्या परतीच्या वाटेविषयी आहे.

नव्या वाचकांसाठी मांडणी थोडक्यात सांगतो. वडोदऱ्यात दांडिया बाजारात माझ्या आत्याचे जुने घर आहे आणि त्याच्या गच्चीवर एका जलरोधक पेटीत रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, एसएक्स१३०२ चिपवर आधारलेला रॅक २२८७ हा आठ वाहिन्यांचा कॉन्सन्ट्रेटर (लोरा, म्हणजे लोरावानच्या रेडिओचे संदेश ऐकणारे आणि पाठवणारे कार्ड) आणि यूएसबीवर जोडलेला क्वेक्टेल ईसी२५ मोडेम बसवलेला आहे. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला असून त्यावर चर्पस्टॅक या लोरावान नेटवर्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती चालते. दोन सेन्सर पाण्याच्या टाक्यांवर आहेत आणि तिसरा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो, आमच्या सोसायटीमागून विश्वामित्रीकडे जाणाऱ्या पावसाळी नाल्यावर आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्याकडचे ब्रॉडबँड पहिल्याच रात्री बंद पडले, मोबाइलचे नेटवर्क मात्र अधूनमधून का होईना मिळत राहिले. म्हणून गेटवेची जोडणी सिमवरच ठेवायची हे मी तेव्हाच ठरवले होते.

पहिला अडथळा पत्त्याचा. मोडेमला मिळालेला आयपी पत्ता १०० या आकड्याने सुरू होत होता. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते मोबाइल कंपन्या आणि इतर सेवा पुरवठादार यांच्या सामाईक नॅटसाठी (अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणाऱ्या सोयीसाठी) राखून ठेवलेले आहेत. असा पत्ता मिळाला की बाहेरून कोणीही त्या उपकरणापर्यंत थेट पोहोचू शकत नाही, कारण खरा सार्वजनिक पत्ता कंपनीच्या यंत्रणेकडे असतो आणि त्यामागे असंख्य ग्राहक असतात. राउटरमध्ये कोणते पोर्ट (बाहेरून आत येण्याचे दार) उघडायचे, असा प्रश्न मला तिघांनी विचारला आहे. सिमवरच्या गेटवेसाठी त्याचे उत्तर एकच आहे: कोणतेही नाही. गेटवेनेच बाहेर पडून बोगदा, म्हणजे इंटरनेटवरची खासगी जोडणी, बांधायचा आणि आपण त्या बोगद्यातून आत यायचे. मी त्यासाठी वायरगार्ड हे सॉफ्टवेअर वापरले, सर्व्हरवर ५१८२० हे पोर्ट उघडले आणि गेटवेच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ (जोडणी जागी ठेवायला ठराविक वेळाने जाणारे रिकामे पाकीट) २५ सेकंदांवर ठेवले. हा आकडा गाळला तर बोगदा चालू दिसतो खरा, पण काही वेळ शांतता राहिली की कंपनीच्या नॅटमधली नोंद पुसली जाते आणि गेटवे स्वतःहून काही पाठवीपर्यंत आपण बाहेरच ताटकळतो.

बोगदा बांधला, पिंग (पोहोच तपासणारी छोटी पाकिटे) गेले, पण एसएसएचने (दूरच्या संगणकात शिरून आज्ञा देण्याच्या सोयीने) आत जाऊ लागलो की किल्ल्यांच्या देवाणघेवाणीपाशी पडदा थिजून राहायचा. छोटी पाकिटे जातात आणि मोठी हरवतात, हे लक्षण दिसले की एमटीयूकडेच (वाटेत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पाकिटाच्या आकारमानाकडे) बघायचे, हे आता माझ्या हाडीमाशी खिळले आहे. पाकिटाचे तुकडे करू नयेत अशी खूण लावून बोगद्याबाहेरून पिंगचे आकारमान कमी करत गेलो, तेव्हा १३७२ बाइट गेले आणि १३७३ गेले नाहीत. त्यात २८ बाइटचे शीर्षक मिळवले की या सिमच्या वाटेची मर्यादा १४०० ठरते. वायरगार्डचा आपण होऊन घेतलेला आकडा १४२० असतो आणि त्यावर त्याचे स्वतःचे ६० बाइट चढतात, म्हणजे भरलेले पाकीट या वाटेत मावणे शक्यच नव्हते. मी एमटीयू १२८० केला. थोडी जागा वाया जाते, पण उद्या सिम बदलले तरी पुन्हा हे मोजायला नको.

बोगदा नीट होण्याआधीच्या दिवसांत मात्र सगळा आधार आत्याचा होता. एका रविवारी सकाळी गेटवे गप्प झाला आणि मी तिला फोन लावला.

“आत्या, पेटीच्या काचेतून जरा बघ ना, मोडेमचा दिवा कसा लुकलुकतोय?”

“अरे, क्षणभर पेटतो आणि मग बराच वेळ विझलेलाच असतो. कुकर लावून वर आले आहे मी, काय करायचं ते पटकन सांग.”

या एका वाक्याने माझे तासभराचे काम वाचवले. ईसी२५ चा नेटवर्कचा दिवा २०० मिलिसेकंद पेटून १८०० मिलिसेकंद विझत असेल तर मोडेम नेटवर्क शोधतो आहे. त्याउलट बराच वेळ पेटून क्षणभर विझत असेल तर तो नोंदलेला असून स्वस्थ बसला आहे. आणि भराभर लुकलुकत असेल तर डेटा वाहतो आहे. एपीएन (मोबाइल इंटरनेटच्या जोडणीचे सेटिंग) आणि सिम आठवडाभर बदललेले नव्हते, तेव्हा मोडेमपर्यंत लहरीच पोहोचत नसणार, हे उघड होते. अँटेनाच्या केबलचे पितळी टोक हाताने घट्ट करायला सांगितले, आणि दोन मिनिटांनी आत्याने कळवले की दिवा आता “उलटा” लुकलुकतो आहे. दूरच्या उपकरणासाठी कोणाला फोनवरून मदत करायची असेल तर ‘चालू आहे का’ असे न विचारता दिवा किती वेळ पेटतो आणि किती वेळ विझतो हे विचारावे, असे मी आग्रहाने सांगेन.

यानंतरचा अडथळा अधिक सूक्ष्म होता आणि त्यात माझे दोन आठवडे गेले. सेमटेकचा यूडीपी पॅकेट फॉरवर्डर (कॉन्सन्ट्रेटरने ऐकलेली पाकिटे पुढे सर्व्हरकडे धाडणारा गेटवेवरचा प्रोग्राम) दर ३० सेकंदांनी आपला अहवाल लिहितो आणि त्यात पाठवलेल्या पाकिटांपैकी किती टक्क्यांची पोच मिळाली तेही देतो. माझ्याकडे हा आकडा कधी शून्य तर कधी वीस-पंचवीस दिसायचा, पण सर्व्हरवर पाहावे तर एकही पाकीट गहाळ नसायचे. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘पुश टाइमआउट’, म्हणजे पोचेची वाट पाहण्याची मुदत, १०० मिलिसेकंदांवर असतो. घरच्या फायबरवर मुंबईची पोच तेवढ्यात परत येते. मोबाइलवर, विशेषतः काही सेकंदांच्या शांततेनंतर मोडेमची रेडिओ जोडणी सुटलेली असेल आणि ती नव्याने मिळवावी लागत असेल तेव्हा, येत नाही. पाकीट पोहोचलेले असते, पोचही निघालेली असते, पण फॉरवर्डरने तिची वाट पाहणे सोडून दिलेले असते. म्हणजे या टक्केवारीवरून सिग्नल वाईट आहे असा निष्कर्ष काढणे चूक आहे, आणि मी ती चूक करून अँटेना तीनदा हलवली.

उशिरा आलेल्या पोचेने केवळ अहवाल बिघडतो, पण उशिरा आलेली आज्ञा वायाच जाते. नाल्यावरचा सेन्सर एरवी दर ३० मिनिटांनी पातळी कळवतो आणि पाऊस लागला की ते अंतर ५ मिनिटांवर आणण्याची आज्ञा सर्व्हरवरून द्यायची, अशी माझी योजना आहे. ‘अ’ वर्गातील लोरावान उपकरण स्वतः बोलल्यानंतरच ऐकते: पाकीट संपल्यापासून १ सेकंदाने पहिली खिडकी उघडते आणि २ सेकंदांनी दुसरी, जी आपल्या आयएन८६५ पट्ट्यात ८६६.५५ मेगाहर्ट्झवर असते. त्या एका सेकंदातून काय काय वजा होते ते पाहा. पाकीट मुंबईला जायचे, तेथे चर्पस्टॅक तेच पाकीट दुसऱ्या एखाद्या गेटवेकडून येते का हे पाहायला २०० मिलिसेकंद थांबणार, मग आज्ञा परत गच्चीवर यायची आणि कॉन्सन्ट्रेटरच्या रांगेत वेळेआधी लागायची. मोडेम जागा असेल तर हे जमते. नसेल तर फॉरवर्डर ‘उशीर झाला’ असा शेरा मारून आज्ञा टाकून देतो. मला सर्वात जास्त चकवले ते हे, की उपकरण नेटवर्कमध्ये सामील होण्याचा टप्पा बिनतक्रार पार पडत होता. त्याचे कारण सामील होण्याच्या उत्तरासाठी उपकरण १ नव्हे, तर ५ सेकंद थांबते. सामील होते आहे म्हणजे परतीची वाट नीट आहे, असे मी धरून चाललो होतो.

दोन बदल केले. पहिला असा की चर्पस्टॅकचा गेटवे ब्रिज (फॉरवर्डर आणि चर्पस्टॅक यांच्यामधला दुभाषी प्रोग्राम) सर्व्हरवरून काढून गेटवेच्याच रास्पबेरी पायवर बसवला. आता पॅकेट फॉरवर्डरचे यूडीपी संभाषण त्याच बोर्डवर, १७०० क्रमांकाच्या पोर्टवर होते आणि पोचेची टक्केवारी १०० झाली आहे. मोबाइलच्या वाटेवरून जाते ते एमक्यूटीटी, ही संदेश पाठवण्याची दुसरी पद्धत, जे टीसीपीवर चालते आणि हरवलेले पाकीट आपणहून पुन्हा पाठवते. शिवाय पहिली खिडकी हुकली तर दुसऱ्या खिडकीचा प्रयत्न ब्रिज जागच्या जागी करतो, त्यासाठी मुंबईची आणखी एक फेरी होत नाही. दुसरा बदल पहिल्या खिडकीचा विलंब १ वरून ५ सेकंद करण्याचा. द थिंग्ज नेटवर्क या सार्वजनिक लोरावान नेटवर्कनेही हाच आकडा स्वीकारलेला आहे. त्याने सेन्सरच्या बॅटरीवर जाणवण्यासारखा भार पडत नाही, कारण उपकरण मधला वेळ झोपलेलेच असते. हा बदल केवळ सर्व्हरवर करून भागत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे: नवा विलंब उपकरणालाही कळावा लागतो, सामील होतानाच्या उत्तरातून किंवा सर्व्हरच्या वेगळ्या आज्ञेतून. मी प्रत्येक सेन्सर पुन्हा सामील करून घेतला. नाल्यावरच्या सेन्सरसाठी मला शिडी घेऊन खाली उतरावे लागले.

मग उत्तरायण आले. चौदा जानेवारीला वडोदऱ्याच्या गच्च्यांवर पतंगांचे राज्य असते आणि कोणत्याही उभ्या नळीला मांजा गुंतल्याशिवाय राहत नाही, म्हणून मी तेराला दोन्ही अँटेना उतरवून ठेवल्या होत्या. वासी उत्तरायण (सणाचा दुसरा दिवस) उलटल्यावर सोळाला त्या घाईघाईने परत चढवल्या, आणि घाईत दोन्ही एकाच नळीवर, वीतभर अंतरावर बसल्या. त्या रात्रीपासून नाल्याच्या सेन्सरच्या फ्रेम काउंटरमध्ये (प्रत्येक पाकिटावरच्या वाढत्या क्रमांकात) खाचा पडू लागल्या. ४११ नंतर ४१२ यायचा आणि मग एकदम ४१५. टाक्यांचे सेन्सर जवळ असल्याने त्यांना काही झाले नव्हते. दुर्बळ सिग्नल तेवढा मार खात होता.

भारतात लोरासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना खुला आहे, पण त्याचे शेजार फार दाटीचे आहे. एलटीईच्या (४जीच्या) पाचव्या बँडमध्ये मोबाइल उपकरण ८२४ ते ८४९ मेगाहर्ट्झवर बोलते आणि टॉवर ८६९ पासून पुढे बोलतो. आठव्या बँडमध्ये उपकरण ८८० ते ९१५ वर बोलते. म्हणजे माझा मोडेम या दोहोंपैकी कोणत्याही बँडवर असला तरी लोराच्या पट्ट्यापासून १३ ते ४८ मेगाहर्ट्झ अंतराच्या आत, २०० मिलिवॉटपर्यंतच्या शक्तीने, वीतभर अंतरावरून ओरडत होता. आणि त्या वेळी कॉन्सन्ट्रेटर नाल्याकडून येणारी कुजबुज ऐकायचा प्रयत्न करत होता. संशय खरा आहे का हे तपासण्यासाठी मी बोगद्यातून आत जाऊन मोडेम १८०० मेगाहर्ट्झच्या तिसऱ्या बँडवर बांधून टाकला, बाकी कशालाही हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी काउंटरमधल्या खाचा जवळजवळ नाहीशा झाल्या.

बँड कायमचा बांधून ठेवणे मला पसंत नाही. पुरात एखादा टॉवर बंद पडला तर मोडेमला मिळेल तो बँड धरता आला पाहिजे, आणि कमी वारंवारतेचे बँड भिंतींआड आणि दूरवर अधिक चांगले पोहोचतात. म्हणून शनिवारी एलटीईची अँटेना गच्चीच्या दुसऱ्या कठड्यावर, जिन्याच्या खोलीच्या आडोशाला नेली, मोडेमला सगळे बँड पुन्हा मोकळे केले आणि लोराची अँटेना एकटीच नळीवर ठेवली. अंतर आता साडेचार मीटर आहे. एलटीईचा आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद) उणे ९४ वरून उणे ९९ डीबीएमवर घसरला, जो गेटवेच्या चिमूटभर डेटासाठी पुरेसा आहे, आणि मोडेम पाचव्या बँडवर असतानाही काउंटर सलग येतो आहे. ज्यांची पेटी लहान आहे आणि दोन अँटेना एकत्र ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांनी लोराच्या बाजूला ८६६ मेगाहर्ट्झचा कॅव्हिटी फिल्टर (तेवढाच पट्टा आत सोडून बाकी लहरी अडवणारा) लावण्याचा विचार करावा.

राहिला प्रश्न विजेचा. पेटीचा एकूण खप १२ व्होल्टच्या बाजूने मोजला तो सरासरी ०.४५ अँपिअर, म्हणजे सुमारे ५.४ वॉट भरला. सध्याची ७ अँपिअर-तासांची लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापर्यंत वापरायची म्हटली तर पावणेआठ तास मिळतात, आणि २०२४ मध्ये आमच्याकडची वीज त्याहून कितीतरी जास्त वेळ गेलेली होती. २० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी ऐंशी टक्के वापरली तर तीच पेटी ३५ तासांच्या वर चालेल. ती मागवली आहे. आत्याने जिन्याखालची कोरडी फळी तिच्यासाठी रिकामी करून ठेवली आहे, आणि नाल्याच्या सेन्सरला मी काल रात्री सर्व्हरवरून ५ मिनिटांची आज्ञा दिली तेव्हा तिची पोच त्याच्या पुढच्याच पाकिटात आली.