तुम्ही विचारलंत म्हणून: धंदा कोणाच्या नावावर?

न्यू जर्सीतील एडिसन येथे मी डबे पुरवते. डबा न्यायला आलेली मराठी माणसे मला एक प्रश्न हमखास विचारतात: "ओक ट्री रोडवर गुजराती दुकानांची रांग आहे, मग आपली माणसे, त्यातही बायका, धंद्यात का दिसत नाहीत?" धंदा रक्तातच असावा लागतो, हे उत्तर त्यांनी बहुधा आधीच ठरवलेले असते. मला ते मान्य नाही.

अमेरिकेतील जवळजवळ निम्मी मोटेल भारतीय वंशाच्या लोकांची आहेत आणि त्यांतील बहुसंख्य मालक गुजराती आहेत. नातेवाइकांनी केवळ शब्दावर दिलेली रक्कम आणि मोटेलमध्येच राहून कुटुंबाने उपसलेले कष्ट यांवर तो धंदा उभा राहिला. चादरी धुणे, खोल्या झाडणे, अपरात्री गिऱ्हाइकाला किल्ली देणे, यांतले कितीतरी काम घरातील बायकांनी पगाराविना केले आणि मालक म्हणून नाव मात्र बहुधा पुरुषाचे लागले. रक्ताचे गुण गाताना हा हिशेब कोणी मांडत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आपली बरीच कुटुंबे नोकरीच्या व्हिसावर आली आणि पत्नीच्या वाट्याला आलेल्या एच-४ व्हिसावर कमाईला मनाई होती. मी २००९ साली आले, तेव्हा पैसे घेऊन शेजाऱ्यांना पोळ्या करून देणेही नियमाबाहेर होते. २६ मे २०१५ पासून, पतीच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठराविक टप्प्यापर्यंत गेली असेल, तर पत्नीला कामाचा परवाना मिळू लागला. त्यावर स्वतःचा व्यवसायही करता येतो. सहा वर्षे घरी बसलेल्या बाईला धंद्याची आवड नव्हती, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

पुढे एका बँकेत कर्ज मागितले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो पतीच्या सहीचा. व्यवसायकर्जासाठी स्त्रीकडून पुरुष नातेवाइकाची सही मागण्याची काही राज्यांतील तरतूद अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने मोडीत काढली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी उठून आले आणि आमच्या अकरा जणींच्या भिशीची पहिली उचल मागून घेतली. कोरियन दुकानदारांच्या भांडवलातही अशाच भिशीचा वाटा राहिला आहे.

आज धंद्याचा परवाना आणि जागेचा भाडेकरार माझ्या नावावर आहेत. शनिवारी डबे पोहोचवायला माझे पती जातात आणि त्या कामाचा पगार मी दर महिन्याला त्यांच्या खात्यात जमा करते.