दुःखाच्या घरचा डबा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शेजारी कुणी गेलं की हा प्रश्न हमखास येतो, विशेषतः नोकरीनिमित्त सांगलीत नव्यानं राहायला आलेल्यांकडून: "त्यांच्याकडे जेवण न्यायचं असतं म्हणतात. काय न्यायचं, किती न्यायचं आणि कधी?" गावभागातल्या जुन्या वाड्यात हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. विश्रामबागेच्या अपार्टमेंटमध्ये समोरच्या दाराला कुलूप कधी असतं हेही ठाऊक नसतं, तिथं विचारावं लागतं. विचारलंत हे बरं केलंत.

आधी एक गोष्ट. ज्या घरी मयत झालेली असते तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीलाही सुतक असतं, म्हणून त्यांच्याकडूनही जेवण येत नाही. उरतात सोयरे आणि शेजारी. सोयरे पुण्या-मुंबईहून, सोलापूरहून निघालेले असतात, त्यांच्या हातात त्या दिवशी काही नसतं. म्हणजे पहिला घास शेजाऱ्यानंच द्यायचा असतो. आपल्याकडं त्याला कडू घास म्हणतात, आणि तो पिठलं-भाकरीचा असतो.

पिठलंच का, तर ते पाऊण तासात होतं, त्याला भाजी आणायला बाजारात जावं लागत नाही आणि रडून घसा सुजलेल्या माणसाच्याही गळ्याखाली उतरतं. आता प्रमाण. माती देऊन माणसं परत आली की घरात साधारण पंचवीस जण जेवायचे असतात. पाऊण किलो बेसन, साडेचार ते पाच लिटर पाणी. तेल दीड वाटी, लसणाच्या दोन गड्ड्या ठेचून, हिरव्या मिरच्या बारा-पंधरा, मीठ तीन सपाट मोठे चमचे. एवढ्या पिठल्याला पीठ पेरत बसू नका. गुठळ्या होतात आणि त्या मोडता मोडता बूड लागतं. पीठ दीड लिटर गार पाण्यात आधी हातानं कालवून घ्या, उरलेलं पाणी जाड बुडाच्या पातेल्यात फोडणीवर उकळू द्या आणि मग कालवलेलं पीठ बारीक धारेनं सोडत ढवळा. उकळी फुटल्यावर मंद आचेवर दहा-बारा मिनिटं शिजलंच पाहिजे. घाईनं पाच मिनिटांत उतरवलेलं पिठलं कच्चट लागतं आणि रिकाम्या पोटाला बाधतं. खाली लागलंच तर ते खरवडू नका, वरचं दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

सगळ्यात जास्त चुकतं ते घट्टपणात. घरी जेवायच्या वेळी करतो तसं पिठलं केलं तर समोरच्या घरी पोचून पंगत बसेपर्यंत त्याची वडी पडते. गॅसवरून उतरवताना ते आमटीपेक्षा थोडं दाट, पळीवाढं असू द्या. अर्ध्या तासानं ते बरोबर होतं.

फोडणीचं आधी विचारून घ्या. काही घरांत सुतकात फोडणी चालत नाही, काहींकडं हळद नको असते. हे त्या घरच्या सुनेला विचारू नका, तिला त्या घडीला काहीही विचारू नये. भावकीतली वयस्कर बाई कोण आहे ते बघून तिला हळूच विचारा. फोडणी नको म्हणाल्या तर लसूण-मिरची वाटून पाण्यात उकळा, पिठलं तसंही चांगलं होतं.

भाकरीचं गणित वेगळं आहे. दुःखाच्या दिवशी माणूस दीड भाकरीच्या वर जात नाही. पंचवीस जणांना चाळीस भाकरी पुरतात, म्हणजे साडेतीन किलो शाळूचं, म्हणजे ज्वारीचं, पीठ. एका तव्यावर चाळीस भाकरी करायला दोन तास लागतात, आणि तोपर्यंत पहिल्या दहा वातड झालेल्या असतात. म्हणून चार घरांनी दहा-दहा वाटून घ्या. दळून महिना झालेलं पीठ त्या दिवशी काढू नका. त्याची विरी गेलेली असते, भाकरी थापताना चिरते. ताजं नसेलच तर पीठ उकळत्या पाण्यात भिजवून उकड काढा आणि चांगलं मळा. आणि भाकरी गरम असताना स्टीलच्या डब्यात झाकून ठेवू नका. आत वाफ धरते, घाम सुटतो, खालच्या चार भाकऱ्यांचा लगदा होतो. बुट्टीत धुतलेलं सुती कापड अंथरून, भाकऱ्या थोड्या निवल्यावर एकावर एक ठेवा आणि कापडाचेच पदर वर घ्या.

सोबत मिरचीचा झणझणीत खर्डा नेऊ नका. दिवसभर पोटात फक्त चहा असतो, खर्ड्यानं आग पडते. कांदा आणि दही पुरे. पंचवीसमध्ये दोघं-तिघं दात नसलेली असतातच, त्यांच्यासाठी अर्धा किलो तांदळाचा मऊ भात वेगळा न्या. एवढं एक पातेलं नेल्यानं म्हातारी माणसं उपाशी राहत नाहीत.

ताटं, वाट्या, पेले, पिण्याचं पाणी, वाढायचा डाव, हात पुसायला फडकं, सगळं आपल्या घरचं न्यायचं. "ताटं कुठं आहेत?" असं त्या घरी विचारावं लागलं की घरची कुणीतरी उठते, मांडणीपर्यंत जाते, आणि गेलेल्या माणसाचं ताट तिच्या हाताला लागतं. शक्यतो पत्रावळ्या वापरा. खरकटं आपण गोळा करून आपल्याच घरी न्यायचं, त्यांच्या मोरीत भांड्यांचा ढीग ठेवून निघायचं नाही.

वेळेचं म्हणाल, तर माती देऊन आल्यावर माणसं आंघोळी उरकतात, तिथपासून तासाभरात जेवण दारात हवं. पण आताशा अडचण त्याच्या आधीची आहे. लेक पुण्याहून निघालेली असते, यायला पाच तास लागतात, तिच्यासाठी माती थांबवलेली असते, आणि सकाळपासून घरातल्या कुणाच्या पोटात काही नसतं. मोठ्यांना खाण्याचा आग्रह करता येत नाही, पण लहान पोरांना आणि साखरेच्या माणसांना अशा वेळी आपल्या घरी आणून दार लावून खायला घालायचं. इन्सुलिन घेऊन जेवण टळलं तर साखर झपकन उतरते, माणूस घामाघूम होऊन पडतो, आणि सगळ्यांना वाटतं की दुःखानं चक्कर आली. "गोळ्या घेतल्या का? इंजेक्शन झालं का?" हे दोन प्रश्न शेजाऱ्यानंच विचारायचे. त्या घरात त्या दिवशी दुसऱ्या कुणाला ते सुचत नाहीत.

चहा मात्र दिवसभर लागतो. तीस छोट्या कपांना दीड लिटर दूध, दीड लिटर पाणी, पाव किलो साखर, साठ ग्रॅम पावडर. बिनसाखरेचा चहा वेगळ्या थर्मासात न्या आणि झाकणाला दोरा बांधा, म्हणजे अदलाबदल होत नाही. दुधाचा चहा थर्मासात तीन-चार तासांच्या वर ठेवू नका, त्याला वास येतो. थोडा-थोडा दोनदा करणं बरं.

पहिल्या दिवसाचं एवढं सगळं सांगितलं, पण मला खरं सांगायचंय ते पुढच्या दिवसांचं. पहिल्या दिवशी सहा घरांतून पिठलं येतं आणि रात्री ते गाईला घालावं लागतं. तिसऱ्या दिवशी सावडायला माणसं येतात, तेव्हाही डबे येतात. पाचव्या, सहाव्या दिवशी कुणी येत नाही. पाहुणे निघून गेलेले, परतायची घाई नसलेले तेवढे राहिलेले, आणि घरात गॅस पेटवायचं कुणाला धैर्य होत नाही. त्यामुळं गल्लीतल्या चौघींनी पहिल्याच संध्याकाळी बसून दिवस वाटून घ्यावेत. पहिला एकीचा, चौथा दुसरीचा, सहावा तिसरीचा, आठवा चौथीचा. पाच माणसांना एक वाटी तुरीच्या डाळीची आमटी, दोन वाट्या तांदूळ, दहा भाकरी आणि एक पालेभाजी. याला खर्च म्हणावा असाही नाही. तेराव्याला गोड होतं, मांडव निघतो आणि चौदाव्या दिवशी ते घर पहिल्यांदा खरंखुरं एकटं पडतं. एक डबा त्या दिवसासाठी राखून ठेवा.

"काय लागलं तर सांगा" हे वाक्य मनापासून असतं, पण त्यानं काम त्याच माणसाच्या डोक्यावर जातं. काय लागेल ते आठवायचं, मग कुणाला सांगायचं ते ठरवायचं, मग संकोच करायचा. त्यापेक्षा एक ठरावीक काम उचला आणि नुसतं कळवा. नळाला पाणी तासभरच येतं, त्या घरी मोटार लावायची कुणाला आठवत नाही. "तुमची टाकी तेरा दिवस मी भरते." संपलं. दूधवाल्याला जास्त दूध सांगणं, घंटागाडीला कचरा देणं, पोराच्या शाळेत कळवणं, ही कामं पाच-पाच मिनिटांची आहेत, पण नाही झाली तर घर खचतं.

दावणीला जनावर असेल तर ते काम सगळ्यात अवघड. म्हैस सुतक पाळत नाही, तिला पहाटे आणि संध्याकाळी धार काढावीच लागते. चार वेळा तुंबली तर कास सुजते. परक्या हाताला ती पान्हा चोरते. धार काढणारीनं घरच्या बाईची रोजची साडी अंगावर घ्यावी, वासानं जनावर शांत होतं. पुढ्यात नेहमीची पेंड नेहमीच्याच घमेल्यात ठेवा, रेडकू आधी सोडा, घाई करू नका.

कागदांचं एक काम जाणत्या पुरुषानं किंवा बाईनं अंगावर घ्यावं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली पाहिजे, त्याला फी नाही. पुढं उशिराचा दंड आणि परवानग्या सुरू होतात, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत जातं. घरी मृत्यू झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा ४ अ नमुना मातीच्या आधीच घ्या, नंतर त्यासाठी फेऱ्या होतात. आणि नोंद माणूस राहत होता तिथं होत नाही, गेला तिथं होते. आपल्या जिल्ह्यात हे फार लोकांचं चुकतं. जतचा, आटपाडीचा पेशंट मिरजेला आणलेला असतो. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली दवाखाना काढला तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचंच गाव आहे. तिथं गेलेल्या माणसाचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीत शोधत बसतात. तो सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत मिळतो. दवाखान्यात नाव लिहून देताना आधार कार्ड समोर धरा आणि सातबाऱ्यावरचं नावही बघा. "बापू" म्हणून हाक मारायचे तेच नाव फॉर्मवर गेलं तर विमा, बँक, वारस नोंद सगळं अडतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच मागून घ्या.

आणखी एक, आणि हे बायकांनीच करायचं. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला कुणीतरी मोठी बाई पुढं होते. त्या वेळी तिच्या शेजारी दोघी जणी बसलेल्या असाव्यात. भांडायचं नाही. तिचा हात आपल्या हातात घट्ट धरून "राहू द्या काकू, तिला नकोय" एवढंच म्हणायचं आणि हात सोडायचा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ साली या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्या मागोमाग राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. पण परिपत्रक ओसरीवर येऊन बसत नाही. आपण बसू शकतो.

शेवटचं भांड्यांचं. रिकामं भांडं परत करू नये ही आपली रीत, आणि त्या घरात भरून द्यायला काही नसतं. त्यामुळं तुमचं पातेलं त्यांच्या ओट्यावर आठ-आठ दिवस पडून राहतं आणि रोज त्यांना टोचतं. जेवणं उरकली की आपली भांडी आपणच घेऊन निघा. बुडाशी नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला तर चार घरची भांडी मिसळत नाहीत. एखादा डबा तरीही मागं राहतोच. तो मागायला जाऊ नका. दोन-तीन महिन्यांनी ती बाई स्वतः तो घेऊन तुमच्या दारात येईल, आत शेंगदाण्याचे चार लाडू असतील. "कशाला केलंत" असं म्हणू नका. तिला बसवा, डबा तिच्यासमोर उघडा आणि त्यातला एक लाडू तिथंच खा.